जर्सी बदलत गेली, संघ तोच राहिला : रेनॉल्ड्स ते मोविस्तार

आपले प्रश्न दोन आहेत. स्पेनच्या मोविस्तार संघाच्या इतिहासात मिगेल इंदुराइन यांची टूर द फ्रान्समधील पाच विजेतेपदे मोजली जातात, पण इंदुराइन तर बानेस्तो नावाच्या संघातून खेळत होते. मग हा एकच संघ कसा, हा पहिला प्रश्न. आणि २०१५ ते २०२० या सहा वर्षांत टूरची सांघिक क्रमवारी पाच वेळा जिंकणाऱ्या या संघाला त्याच काळात पिवळी जर्सी, म्हणजे एकूण क्रमवारीत पहिल्या असलेल्या सायकलपटूची जर्सी, एकदाही का मिळाली नाही, हा दुसरा. रस्त्यावरील शर्यतींसाठी सायकलपटू घडवण्याचे काम मी वीसहून अधिक वर्षे करीत आहे, आणि शर्यतीच्या वेळी संघाच्या मोटारीत बसून निर्णय घेण्याची जबाबदारीही माझ्यावर अनेकदा आली आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. सायकलिंगचा संघ त्याच्या नावावरून किंवा जर्सीच्या रंगावरून ओळखायचा नसतो. तेथे कोण कोणासाठी राबतो आणि ते ठरवणारी माणसे कोण आहेत, यावरून तो ओळखायचा असतो.

आधी नावाचा गुंता सोडवू. या खेळात मैदान नसते, त्यामुळे तिकीटही नसते. प्रेक्षक रस्त्याच्या कडेला उभा राहून फुकट शर्यत पाहतो. प्रक्षेपणाचा पैसा मुख्यतः आयोजकांकडे जातो, आणि बक्षिसाची रक्कम सायकलपटू व कर्मचारी आपसांत वाटून घेतात, अशी जुनी रीत आहे. संघ चालतो तो प्रायोजकाच्या पैशावर, आणि त्या पैशाच्या बदल्यात प्रायोजकाला संघाचे नावच देऊन टाकले जाते. प्रायोजक गेला की नाव जाते. त्याच्यासोबत बहुतेक वेळा संघही संपतो. म्हणूनच चाळीस वर्षांहून अधिक काळ अखंड चाललेला संघ या खेळात अत्यंत दुर्मीळ आहे.

मोविस्तार हा तसा दुर्मीळ संघ आहे. १९८० साली उत्तर स्पेनमधील नवारा प्रांतात, अ‍ॅल्युमिनियमच्या उत्पादनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या रेनॉल्ड्स या नावाने तो सुरू झाला. १९८९ मध्ये बानेस्तो ही स्पॅनिश बँक सहप्रायोजक म्हणून आली आणि १९९० पासून संघाचे नावच बानेस्तो झाले. १९९३ च्या अखेरीस ही बँक संकटात सापडली आणि स्पेनच्या मध्यवर्ती बँकेला तिचा कारभार हाती घ्यावा लागला, तरी तिचे नाव संघाच्या जर्सीवर २००३ नंतरही काही काळ टिकून होते. पुढे बालेआरिक बेटांच्या प्रशासनाने आणि त्यानंतर केस देपार्न्य या फ्रेंच बचत बँकेने संघाला नाव दिले, आणि २०११ पासून तेलेफोनिका या दूरसंचार कंपनीच्या मोविस्तार या नावाने तो ओळखला जातो. या सगळ्या बदलांत संघ चालवणारी संस्था, तिचे कार्यालय, तिची कामाची पद्धत आणि मुख्य म्हणजे तिचे चालक सलग राहिले. होसे मिगेल एचावारी यांनी संघ उभा केला. हौशी खेळाडूंच्या संघाचे काम पाहणारे एउसेबियो उन्सुए त्यांच्यासोबत आले आणि एचावारी बाजूला झाल्यानंतर सूत्रे त्यांच्याकडे गेली. इंदुराइन यांना तरुणपणी निवडणारे आणि पुढे तीन दशकांनंतर कोलंबियाच्या नाइरो किंताना यांना पाठबळ देणारे उन्सुए एकच आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एवढ्यात पुरे होते. दुसऱ्यासाठी मात्र थोडे खोलात जावे लागेल.

दुसऱ्या सायकलपटूच्या पाठीमागे चिकटून चालणाऱ्याला हवेचा अडथळा कमी होतो आणि सपाट रस्त्यावर त्याची पाव ते एक तृतीयांश शक्ती सहज वाचते. या खेळातील सगळे राजकारण या एका भौतिक सत्यातून निघते. जो पुढे राहून वारा खातो तो दमतो, जो मागे राहतो तो शेवटच्या घाटासाठी ताजा राहतो. तीन आठवडे चालणाऱ्या मोठ्या शर्यतीत २०१८ पासून प्रत्येक संघाला आठ सायकलपटू उतरवता येतात, त्याआधी नऊ उतरवता येत. त्यांतला एक प्रमुख असेल, तर उरलेल्या सातांचे काम त्याची शक्ती वाचवण्याचे असते. मोटारीपर्यंत मागे जाऊन पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणायच्या, प्रमुखाचे चाक पंक्चर झाले तर स्वतःचे काढून द्यायचे, तो मागे पडला तर थांबून त्याला घोळक्यात परत आणायचे, आणि घाटाच्या पायथ्याशी त्याला पहिल्या वीसांत नेऊन ठेवायचे, ही त्यांची कामे. या आठांच्या मागे मोटारीतील संचालक, मेकॅनिक, मालिश करणारे, डॉक्टर, प्रशिक्षक, स्वयंपाकी आणि बसचालक असतात. यांतल्या एकाचे काम चुकले तरी त्याची किंमत सायकलपटूच्या पायांना मोजावी लागते.

हे सगळे सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र ते एका गोष्टीवर टिकते : आपण कोणासाठी झिजत आहोत, हे सहायकाला ठाऊक असले पाहिजे आणि पटलेलेही असले पाहिजे. ज्या दिवशी त्याच्या मनात शंका येते, त्या दिवशी तो एक किलोमीटर आधी थांबतो, आणि घाटात एक किलोमीटर फार मोठा असतो. हे मी माझ्या हाताखालच्या चांगल्या, प्रामाणिक मुलांच्या बाबतीतही पाहिले आहे. त्यात त्यांचा दोष नव्हता, काम नीट वाटून न देणाऱ्या माझा होता.

रेनॉल्ड्सच्या पहिल्या काही वर्षांत हे सगळे अजून कच्चे होते. १९८२ मध्ये आंहेल आरोयो यांनी वुएल्ता आ एस्पान्या ही स्पेनची मोठी शर्यत जिंकली, परंतु उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने त्यांचे विजेतेपद काढून मारिनो लेहारेता यांना देण्यात आले. पुढच्याच वर्षी संघ पहिल्यांदा टूर द फ्रान्सला गेला. प्युइ द दोम या ज्वालामुखी पर्वतावरील टाइम ट्रायल, म्हणजे एकट्याने घड्याळाविरुद्ध धावण्याचा टप्पा, आरोयो यांनी जिंकला, तरुण पेद्रो देल्गादो त्यात दुसरे आले, आणि एकूण क्रमवारीत आरोयो हे लोराँ फिन्यों यांच्या मागे दुसरे राहिले. परदेशात फारसे कोणी न ओळखणाऱ्या संघासाठी ही मोठी मजल होती.

देल्गादो मध्यंतरी इतर संघांतून खेळून परतले आणि १९८८ ची टूर त्यांनी सात मिनिटांहून अधिक फरकाने जिंकली. त्या विजयावरही एक सावली आहे. त्यांच्या नमुन्यात प्रोबेनेसिड हे औषध आढळले. ऑलिंपिक समितीने त्यावर बंदी घातली होती, पण आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या यादीत ते तोवर नव्हते, त्यामुळे शिक्षा झाली नाही. या संघाचा इतिहास सांगताना अशा गोष्टी वगळणे मला योग्य वाटत नाही. नंतरच्या वर्षी देल्गादो विजेते म्हणून लक्झेंबर्गला आले आणि पहिल्याच दिवशीच्या छोट्या टाइम ट्रायलमध्ये सुरुवातीच्या चौथऱ्यावर २ मिनिटे ४० सेकंद उशिरा पोहोचले. घड्याळ कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या दिवशीच्या सांघिक टाइम ट्रायलमध्ये त्यांची आणखी घसरण झाली. तेथून चढत चढत ते तिसऱ्या क्रमांकावर आले, आणि शेवटी विजेते ग्रेग लेमाँ यांच्यापासूनचे त्यांचे अंतर ३ मिनिटे ३४ सेकंद होते. शारीरिक ताकदीच्या दृष्टीने त्या टूरमध्ये ते अनेकांना सर्वांत समर्थ वाटले होते; मलाही तसेच वाटते.

या संघाची खरी कामगिरी कोणती असे मला कोणी विचारले, तर मी १९९१ ते १९९५ या पाच विजेतेपदांच्या आधीची सहा वर्षे दाखवीन. मिगेल इंदुराइन १६ जुलै १९६४ रोजी पाम्प्लोनाजवळच्या विलाव्हा गावी जन्मले, १९८३ मध्ये स्पेनचे हौशी विजेते झाले आणि १९८४ मध्ये रेनॉल्ड्सच्या व्यावसायिक संघात आले. १ मीटर ८८ सेंटीमीटर उंची आणि ८० किलोंच्या आसपास वजन असलेला हा तरुण घाट चढण्यासाठी घडलेला दिसत नव्हता. त्याची टूरमधील वाटचाल पाहा : १९८५ मध्ये शर्यत अर्धवट सोडली, १९८६ मध्येही अर्धवट सोडली, १९८७ मध्ये ९७ वा, १९८८ मध्ये ४७ वा, १९८९ मध्ये १७ वा, १९९० मध्ये १० वा, आणि १९९१ मध्ये पहिला.

हे आकडे मी नव्या प्रशिक्षकांना नेहमी दाखवतो. पहिल्या दोन वर्षांत त्याला टूर पूर्ण करण्याची सक्ती नव्हती; ठरावीक दिवस शर्यत चाखायची आणि घरी जायचे, असा हिशेब होता. पुढच्या वर्षांत तो देल्गादोंसाठी राबला. १९९० मध्ये तो स्वतः त्याहून वर येऊ शकला असता असे अनेकांचे मत आहे, कारण त्याच टूरमध्ये त्याने पिरेनीज पर्वतातील लूझ आर्दिदेनचा टप्पा जिंकला होता. पण संघाचा प्रमुख देल्गादो होते आणि त्याबद्दल कोणाच्या मनात संभ्रम नव्हता. १९९१ मध्ये तूरमाले घाटाच्या उतारावर इंदुराइन पुढे निसटले, प्रतिस्पर्धी क्लाउदिओ क्याप्पुच्ची त्यांना येऊन मिळाले, आणि वाल लुरों येथे टप्पा क्याप्पुच्चींनी जिंकला तेव्हा पिवळी जर्सी इंदुराइन यांच्या अंगावर आली. त्या दिवसापासून देल्गादो त्यांचे सहायक झाले. आदल्या दोन-तीन वर्षांपर्यंत ज्याच्या नावाने संघ ओळखला जात होता, त्या माणसाने आपल्याच सहायकासाठी राबायला लागणे ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. ती घडली, कारण अधिकार कोणाकडे आणि केव्हा गेला हे सर्वांना दिसले होते.

इंदुराइन यांच्या संघाची पद्धतही या स्पष्टतेवर उभी होती. पाचही विजयी वर्षांत त्यांनी टूरचे एकूण दहा टप्पे जिंकले आणि ते सगळेच्या सगळे टाइम ट्रायलचे होते. घाटांत ते प्रतिस्पर्ध्यांसोबत राहत आणि टप्पा दुसऱ्याला जिंकू देत. जो आज टप्पा जिंकतो तो उद्या आपल्याविरुद्ध जिवावर उदार होऊन लढत नाही, हे त्यांना आणि एचावारींना चांगले कळत होते. १९९२ मध्ये लक्झेंबर्गमधील ६५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकावरील आपल्याच संघातील आर्माँ द लास कुएवास यांना तीन मिनिटांनी मागे टाकले, आणि सहा मिनिटे आधी निघालेल्या फिन्यों यांना वाटेतच गाठले. एका दिवसात एवढी आघाडी मिळाली की संघाला उरलेले दिवस ती राखण्याचेच काम राहते, आणि राखण्याचे काम सहायकांना नेमके समजते. १९९२ आणि १९९३ अशी लागोपाठ दोन वर्षे जिरो दितालिया ही इटलीची मोठी शर्यत आणि टूर या दोन्ही शर्यती जिंकणारे ते एकमेव सायकलपटू आहेत. २ सप्टेंबर १९९४ रोजी बोर्दो येथील ट्रॅकवर त्यांनी एका तासात ५३.०४० किलोमीटर अंतर कापले, तो विक्रम दोन महिन्यांतच मोडला गेला, तरी त्यांच्या थोरवीत त्याने काही फरक पडत नाही.

१९९६ मध्ये त्यांचा अंमल संपला. टूरमधील लेझार्कच्या चढावर ते प्रथमच हतबल झालेले दिसले. त्या वर्षीची टूर त्यांच्या गावावरून पाम्प्लोनाला जाणार होती, आयोजकांनी तो मार्ग त्यांच्या सन्मानार्थच आखला होता, आणि त्या दिवशी ते विजेत्याच्या आठ मिनिटांहून अधिक मागे होते. एकूण क्रमवारीत ते अकरावे आले. त्याच उन्हाळ्यात अटलांटाला ऑलिंपिक टाइम ट्रायलचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले, सप्टेंबरमध्ये वुएल्ता अर्धवट सोडली आणि जानेवारी १९९७ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

नंतरची काही वर्षे मी थोडक्यात सांगतो. आब्राहाम ओलानो यांनी १९९८ ची वुएल्ता जिंकली. होसे मारिया हिमेनेस यांनी १९९९ मध्ये आंग्लिरूच्या भयंकर चढावर संपणारा पहिलाच टप्पा जिंकला, आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये त्यांचे अकाली निधन झाले. २००६ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली. संघाचे प्रमुख आलेहांद्रो वाल्वेर्दे टूरच्या तिसऱ्याच टप्प्यात पडून गळपट्टीचे हाड मोडल्याने बाहेर गेले. प्रमुख नसलेल्या संघातील ओस्कार पेरेइरो मोंतेलिमारच्या टप्प्यात इतरांसोबत पुढे निसटले आणि घोळक्याने त्यांना जवळजवळ अर्ध्या तासाची सूट दिली, कारण ते धोकादायक आहेत असे कोणाला वाटत नव्हते. पॅरिसमध्ये ते फ्लॉइड लँडिस यांच्यापेक्षा ५७ सेकंदांनी मागे होते; लँडिस उत्तेजक चाचणीत दोषी ठरल्यावर २००७ मध्ये विजेतेपद पेरेइरो यांच्याकडे आले. वाल्वेर्दे यांनी २००९ ची वुएल्ता जिंकली, पण ‘ऑपरेशन पुएर्तो’ या स्पेनमधील रक्त-उत्तेजक प्रकरणात त्यांच्यावर १ जानेवारी २०१० पासून दोन वर्षांची बंदी आली. बंदी संपताच ते याच संघात परतले, २०१८ मध्ये इन्सब्रुकला वयाच्या ३८ व्या वर्षी जगज्जेते झाले आणि ४२ व्या वर्षापर्यंत खेळले. बंदी आणि कर्तृत्व या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. एक दुसरीने पुसली जात नाही.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. २०१३ च्या टूरमध्ये, साँ-तामाँ-मोंरोंच्या सपाट टप्प्यात, दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या वाल्वेर्दे यांचे चाक निकामी झाले. त्याच वेळी आडवा वारा होता. आडव्या वाऱ्यात सायकलपटू रस्त्यावर तिरकी रांग करून चालतात. रांगेत जागा न मिळालेले मागे फेकले जातात आणि घोळक्याचे तुकडे होतात. पुढच्या संघांनी वेग वाढवला. मोविस्तारचे सहायक वाल्वेर्दे यांच्यासाठी थांबले, ज्यांत पहिल्या दहांत असलेले रुई कोस्ता हेही होते, आणि सगळे मिळून जवळपास दहा मिनिटे गमावून बसले. पण किंताना पुढच्या गटात होते, त्यांना थांबवले गेले नाही, आणि २३ वर्षांचा हा कोलंबियन तरुण ती टूर दुसऱ्या क्रमांकाने संपवून गेला. रुई कोस्ता यांनीही नंतर दोन टप्पे जिंकले. हानी मोठी झाली, तरी कोणी थांबायचे आणि कोणी पुढे जायचे याचा निर्णय अचूक होता, असे माझे मत आहे.

२०१५ ची टूर तर मी अनेकदा आकड्यांनिशी शिकवली आहे. दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्समधील समुद्रकिनाऱ्यालगतच्या रस्त्यावर वारा आणि पाऊस यांनी घोळका फोडला, आणि किंताना यांनी ख्रिस फ्रूम यांच्या तुलनेत १ मिनिट २८ सेकंद गमावले. तीन आठवड्यांनंतर ला तूस्वीर आणि आल्प द्युएझ या दोन शेवटच्या चढांवर त्यांनी फ्रूम यांना जेरीस आणले. आल्प द्युएझवर वाल्वेर्दे आणि विनर अनाकोना यांना पुढे पाठवून किंताना यांच्यासाठी ठेवलेली योजना फार सुंदर रीतीने पार पडली. शेवटचे अंतर १ मिनिट १२ सेकंद होते. म्हणजे वाऱ्यात गेलेला वेळ पराभवाच्या अंतरापेक्षाही अधिक होता. फ्रूम यांना कमी आघाडी असती तर ते वेगळ्या तऱ्हेने धावले असते, त्यामुळे ही साधी वजाबाकी नव्हे. तरीही शर्यत घाटात हरली नाही, सपाट रस्त्यावर हरली, हे खरेच. आणि सपाट रस्त्यावर हलक्या चढाईपटूला वाऱ्यापासून वाचवायला धिप्पाड, अनुभवी सहायक लागतात. या संघाने आपली रचना नेहमीच चढाईच्या बाजूने झुकवली आहे.

त्या टूरमध्ये वाल्वेर्दे तिसरे आले आणि संघाने सांघिक क्रमवारी जिंकली. येथेच त्या क्रमवारीचे गणित समजून घ्यावे. प्रत्येक टप्प्यात संघातील पहिल्या तीन सायकलपटूंच्या वेळा जोडल्या जातात आणि रोजच्या बेरजांची एकत्र बेरीज केली जाते. ज्या संघाकडे तीन उत्तम चढाईपटू आहेत आणि ते तिघेही स्वतःच्या वेळेसाठी शेवटपर्यंत लढतात, तो संघ या क्रमवारीत वर जातो. ज्या संघात एकच प्रमुख आहे, त्याचे सहायक शेवटच्या चढावर आपले काम संपवून हळूहळू येतात, त्यांच्या वेळा मोठ्या असतात आणि सांघिक क्रमवारीत तो संघ खाली दिसतो. म्हणजे पिवळ्या जर्सीसाठी संघाने जे करायचे असते, त्याच्या जवळजवळ उलट गोष्टीला ही क्रमवारी बक्षीस देते.

२०१८ आणि २०१९ च्या टूरमध्ये हे सर्वांना उघड दिसले. किंताना, वाल्वेर्दे आणि मिकेल लांदा हे तिघे एकत्र उतरले आणि स्पॅनिश वृत्तपत्रांनी त्यांना त्रिशूळ म्हटले. तीन टोके असली की प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकता येईल, ही कल्पना कागदावर चुकीची नाही. परंतु तिच्यासाठी तिघांपैकी दोघांनी आपली शर्यत उधळून द्यायला तयार असावे लागते. २०१९ मध्ये तूरमालेवर संपणाऱ्या टप्प्यात मोविस्तारच्या सायकलपटूंनी पुढे राहून जोरदार वेग ठेवला आणि त्या वेगाने मागे पडले ते त्यांचेच किंताना. काही दिवसांनी गालिबिए घाट ओलांडून व्हालुआरला किंताना यांनी एकट्याने टप्पा जिंकला, तेव्हा त्यांची ताकद संपली नव्हती हेही सिद्ध झाले. पॅरिसमध्ये लांदा सहावे, किंताना आठवे, वाल्वेर्दे नववे आले. पहिल्या दहांत तिघे, सांघिक क्रमवारीत पहिला क्रमांक, आणि पहिल्या तिघांत कोणीही नाही. अशा तक्त्याकडे पाहून मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यात प्रत्येक जण मेहनतीने लढलेला आहे.

त्याच वर्षीची जिरो याच्या नेमकी उलट घडली. तेथेही लांदा होते, पण कुर्मायरच्या टप्प्यात त्यांच्याच संघातील रिचर्ड कारापास यांनी हल्ला केला, म्हणजे अचानक वेग वाढवून ते पुढे निसटले. प्रतिस्पर्धी विंचेंझो निबाली आणि प्रिमोझ रोग्लिच एकमेकांवर नजर ठेवत राहिले, आणि जिरोमध्ये आघाडीवर असलेल्याची गुलाबी जर्सी कारापास यांना मिळाली. जर्सी अंगावर आली आणि प्रश्न मिटला. लांदा यांनी कारापास यांच्यासाठी काम केले. स्वतः ते चौथे आले, तिसऱ्या क्रमांकापासून केवळ ८ सेकंद दूर. कारापास यांनी निबाली यांना १ मिनिट ५ सेकंदांनी हरवून जिरो जिंकणारे पहिले इक्वेडोरियन होण्याचा मान मिळवला. संघाची ताकद मे महिन्यात आणि जुलै महिन्यात जवळपास सारखीच होती. फरक होता तो प्रमुख कोण, याच्या निर्णयात, आणि तो निर्णयही बराचसा रस्त्यानेच करून दिला होता. वर्ष संपताना किंताना, लांदा आणि कारापास तिघेही दुसऱ्या संघांत गेले.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या महिला संघाने हा धडा लवकर आत्मसात केला असे दिसते. २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या आनमीक फान व्ल्युटन तेथे आल्या आणि प्रमुख कोण हा प्रश्नच उरला नाही. २०२२ च्या महिलांच्या टूरमध्ये सुरुवातीच्या दिवसांत पोटाच्या आजाराने त्या खंगल्या होत्या, आणि संघातील सोबतिणींनी त्यांना घोळक्यात टिकवून धरले. सातव्या दिवशी मार्कस्टाइनच्या वाटेवर फान व्ल्युटन यांनी सगळ्यांना मागे टाकले. शेवटच्या दिवशी सायकल पुन्हा पुन्हा बदलावी लागूनही प्लाँश दे बेल फिय्य चढून त्यांनी टप्पाही जिंकला. पर्वतावरील तो विजय सगळ्यांना आठवतो. मला मात्र पहिल्या दिवसांतील ते टिकवून धरणे अधिक मोलाचे वाटते, कारण तेथे एक मिनिट गेले असते तरी पुढचे सगळे अवघड झाले असते.

पुरुषांच्या संघावर त्याच वर्षी वेगळेच संकट आले. २०२० ते २०२२ या तीन वर्षांच्या गुणांवर सर्वोच्च श्रेणीचे १८ परवाने ठरणार होते, आणि गुण प्रत्येक वर्षी संघातील सर्वोत्तम दहा सायकलपटूंचेच धरले जात. मोठ्या शर्यतीतील एकूण क्रमवारीसाठी रचलेल्या, एकदिवसीय शर्यतींतील छोट्या बक्षिसांकडे फारसे लक्ष न देणाऱ्या या संघाला प्रथमच खालच्या श्रेणीत जाण्याची भीती वाटू लागली. जो सहायक दिवसभर वारा खाऊन पन्नासावा येतो त्याला गुण मिळत नाहीत, ही या पद्धतीतील जुनी आणि खरी अडचण आहे. संघाला वाचवण्यात संघातील एन्रिक मास यांच्या शरद ऋतूतील कामगिरीचा मोठा वाटा होता : वुएल्तामध्ये दुसरा क्रमांक, जिरो देल एमिलिया या इटलीतील एकदिवसीय शर्यतीत तादेई पोगाचार यांना हरवून विजय, आणि ८ ऑक्टोबर २०२२ रोजी लोंबार्दीच्या शर्यतीत पोगाचार यांच्या मागे दुसरा क्रमांक. त्याच शर्यतीत, आपल्या कारकिर्दीच्या अखेरच्या दिवशी, ४२ वर्षांचे वाल्वेर्दे मोविस्तारच्या निळ्या जर्सीत पहिल्या दहांत आले. आपण त्या दिवसाचे चित्रण मिळवून पाहिलेत, तर विजेत्याकडे न पाहता शेवटच्या चढाआधी ही निळी जर्सी कोणाच्या पुढे आहे आणि वारा कोण खात आहे, एवढेच पाहा.